माळवलीपातूरचं तिकीट

आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, आत आल्या. माझ्या पाठीशी बसल्या आन् छातीला आवळलेलं फडकं सोडायला लागल्या. ते फडकं त्यांनीच बांधलेलं, माझं दूध आटावं म्हनून. माझा पोरगा जाऊन तवा आठवडाबी झाला नव्हता. दूध कुनासाठी येतंय, ते पिनारं हाय का गेलं, हे अंगाला कुटं कळतंय!

"आता काय आनखी नवं?" मी फनकाऱ्यानं इचारलं. माझी जीभ तवा लय तिखट. अजूनबी हायेच म्हना.

"सरू गेली," आत्याबाई म्हनल्या. "पोरगी जिती हाय. ऊठ, लुगडं बदल."

सरू म्हंजे माझी नणंद, आत्याबाईंची एकुलती एक लेक. दिवाळीत तिचा नवरा रेल्वेत गँगवर लागला, रूळ दुरुस्त करनाऱ्या टोळीत, आन् दोघं लोनावळ्याला ऱ्हायला गेली. वन्संचं पहिलं बाळंतपन आमच्याकडंच व्हायचं व्हतं. भाताची झोडनी उरकली की गाडी जोडून आनू, आसं आत्याबाई रोज म्हनायच्या. झोडनी उरकायच्या आधीच पोरगी झाली. आठव्या महिन्यातली.

अंगनात नथू उभा व्हता, जावयाचा धाकटा भाऊ. लोनावळ्यावरनं रातभर चालत आमच्या आंदर मावळात आलता. पाय धुळीनं भरलेलं, डोळं सुजलेलं. म्हनला, "शेळीचं दूध घातलं तर वकून टाकतीया. चाळीत एक लेकुरवाळी हाय, पर आई मेलेलं पोर अंगाला लावायला तिची सासू दीना. सुईन म्हनती, आज सांजपातूर पोटात काय गेलं तर ऱ्हाईल." त्याला पुढं अजून दोन गावांत सांगावा द्यायचा व्हता. तो पानी प्यायला आन् तसाच निघाला. माझे मालक तवा मुंबईला गोदीत कामाला, घरात आमी दोघीच.

बाळंतिनीनं सवा महिना वेस वलांडायची न्हाई, नदी वलांडायची न्हाई, वाऱ्याला उभं ऱ्हायचं न्हाई, ही समदी शास्त्रं आत्याबाईंचीच. माझं डोकं उगडं दिसलं तरी त्या अंगावर यायच्या. आज त्यांनीच माझ्या कानाला फडकं बांधलं, हाताला धरलं आन् मला दाराभायेर काढलं. लेक मेली तरी डोळ्यात टिपूस न्हाई. मला राग आला. म्हनलं, ही बाई हाय का दगूड?

आता एक सांगून ठेवते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. वन्संच्या नवऱ्याचं नाव आन् आमच्या मामंजींचं नाव एकच. मामंजी म्हंजे माझे सासरे, आत्याबाईंचे मालक. ते जाऊन बरीच वर्सं झालती. पर नाव ते नावच. आत्याबाईंनी ते जलमात तोंडातनं काढलेलं न्हाई आन् मीबी काढायचं न्हाई. नवऱ्याचं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी व्हतं, सासऱ्याचं घेतलं तर घरावर कायतरी येतं, आसं आमच्यात मानायचे. म्हनून जावयाला आमी घरात 'पाव्हनं' म्हनायचो. त्यात माझा पोरगा झाला, घरातला पहिला नातू, तर आत्याबाईंनी पाळन्यात घालताना त्याला आज्याचंच नाव ठेवलं. म्हंजे पोटचं पोर, आन् मला त्याला नावानं बोलवायची चोरी! मी त्याला 'धाकलं मालक' म्हनायची.

एकदा मातर घेतलं. घरात कुनी नव्हतं. तो पिऊन सुस्त झालता, ओठाला दूध लागलेलं. मला ऱ्हावलं न्हाई. त्याच्या कानाशी तोंड नेलं आन् हळूच त्याचं नाव घेतलं. मग लगेच त्याला ताप भरला आन् तो गेला. हे मी कुनाला सांगितलं नव्हतं. माझ्या जिभेनं माझं पोर खाल्लं, आसं मला वाटायचं. ते फडकं छातीला बांधलेलं आसायचं, तवा त्याच्याखाली हेच घेऊन मी पडलेली आसायची.

शेजारच्या वाडीतला बहिरू भाताची पोती घेऊन कामशेतला निघालता, गिरनीवर. "बसा मावशी, त्यात काय!" म्हनला. मी पोत्यांवर बसले. आत्याबाई काय बसल्या न्हाईत. बैलांना वझं नको म्हनून गाडीमागनं चालत ऱ्हायल्या. आंध्रा नदीच्या उताराला गाडी थांबली. आत्याबाईंनी वाकून पान्यात हात घातला, माझ्या डोक्यावरनं पानी उतरवून टाकलं आन् म्हनल्या, "नदीबाय, आजचा दिस बघू नको."

पल्याड गेल्यावर त्यांनी फडक्यातनं दोन भाकरी काढल्या, वर शेपूची भाजी.

"मला भूक न्हाई."

"तुला कोन इचारतंय? खा."

"तुमी?"

"माझ्या अंगाला दूध येनार हाय का? खा म्हनते ना! दोन्ही खा."

 त्या चालता चालता माझ्या तोंडाकडं बघत व्हत्या. घास गिळला का न्हाई, एवढंच बघायचं. मी खाल्लं. त्यांनी भाजी लागलेलं फडकं चाटून पुसून कमरेला खोचलं.

कामशेतला पोचलो तवा दिस माथ्यावर आलता. बहिरूची पोती उतरेपातूर आत्याबाईंना दम न्हाई. टेसनात खिडकीपुढं उभ्या ऱ्हाऊन त्यांनी पदराची गाठ दातानं सोडली. होते नव्हते ते पैसे फळीवर ठेवले. आतल्या बाबूनं बोटानं सरकवून बघितले आन् इचारलं, "कुठलं?"

"लोनावळा. एक बाई."

"लोणावळ्याला नाही पुरत. माळवली मिळेल."

आत्याबाईंनी गाठ परत चाचपली. गाठीत काय उरलंय थोडंच! त्यांनी पदर झटकून बघितला. मागं एक मानूस घाई करत व्हता, "म्हातारे, सरक की." त्या सरकल्या न्हाईत.

"द्या माळवली," म्हनल्या.

मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "माळवलीला उतर. टेसनाभायेर झाडाखाली बस, कुनाशी बोलू नको. मी रुळाकडंनी चालत येते. तितनं पुढं दोघी मिळून जाऊ, हळूहळू."

"आन् सांज झाली म्हंजे?"

"होत न्हाई सांज," आत्याबाई म्हनल्या. जसा काय दिस त्यांच्या दावनीला बांधलाय!

गाडीत मी पहिल्यांदाच बसत व्हते. त्या इजेच्या गाडीचं इंजान बिनधुराचं, नुसतं गुरगुरतंय. बायकांच्या डब्यात लाकडी फळीवर टेकले आन् गाडी हलली तशी खिडकीतनं आत्याबाई दिसल्या. रुळाच्या कडंनी खडीवरनं अनवानी चालत व्हत्या, पदर खोचलेला. मान वर करून त्यांनी बघितलं न्हाई. मग त्या मागं पडल्या.

समोरच्या बाईच्या मांडीवर एक तान्हं व्हतं. ते रडलं. एवढंसं रडलं, पर माझ्या दोन्ही छात्या भरून आल्या आन् चोळी चिप्प झाली. मला लाज वाटली आन् जीवात जीवबी आला. म्हनलं, हाय गं बाई, दूध अजून हाय. फडक्यानं आटलं न्हाई. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, माझ्या रिकाम्या मांडीकडं बघितलं आन् आपलं पोर पदराखाली झाकून घेतलं. तिचं काय चुकलं? मीबी तेच केलं आसतं.

माळवली आली. मी उठले. पाय कापायला लागले, मांडीवरनं काहीतरी ऊन ऊन वघळलं. दाराच्या दांडीला धरून मी भायेर बघितलं. झाड व्हतं, आत्याबाईंनी सांगितल्यासारखं. त्याखाली बसायचं. त्या येईपातूर दिस कलनार. मग आसल्या पायांनी लोनावळ्यापातूर चालायचं. जाईपातूर त्या पोरीचं काय ऱ्हायलेलं आसंल? मला काय हिशेब येत न्हाई, पर एवढा येत व्हता. आन् ही गाडी तर तितंच चाललेली, माझ्या पायाखालीच.

मी परत फळीवर बसले. चोरी म्हना, काय म्हनायचं ते म्हना. गाडी सुटली तवा मी ते तिकीट मुठीत दाबून धरलं.

लोनावळ्याला उतरले. मानसांच्या घोळक्यात तोंड खाली घालून फाटकाकडं गेले. तिकीट घेनारा बाबू उभा व्हता, काळा कोट, कपाळाला घाम. त्यानं माझं तिकीट घेतलं, उलटं केलं आन् फाटक आडवलं.

"हे माळवलीपर्यंतचं आहे. माळवली मागे गेली, बाई."

"ठावं हाय."

"ठाऊक आहे आणि तरी बसलीस?"

"पाय उचलंनात, म्हनून बसले."

मागची दोघं-तिघं हसली. बाबू हसला न्हाई. "दंड भरावा लागेल."

"माझ्याकडं काय न्हाई. झाडून बघा." मी पदर झटकला, आत्याबाईंनी झटकला तसाच.

त्यानं मला बाजूच्या बाकावर बसवलं आन् बाकीच्यांची तिकिटं घ्यायला लागला. मी उठून परत त्याच्या म्होरं गेले. "सायेब, मला सोडा. लेकरू उपाशी हाय. आमचे पाव्हनं हितंच गँगवर हायत. त्यांची बायकू गेली, तान्हं पोर टाकून गेली. मी त्या पोरीला पाजायला आलीया."

"बाई," तो म्हनला, "रोज विनातिकिटाचे चार धरतो मी. चारांतल्या तिघांच्या घरी कुणीतरी गेलेलं असतं."

"माझ्या तोंडाकडं बघून तरी बोला!"

त्यानं बघितलं. वाईट मानूस नव्हता, खोटं कशाला बोलू? म्हनला, "बरं. गँगवर आहे ना तो? मग नाव सांग. इथून घाटापर्यंत गँगवाल्यांच्या चाळीच चाळी आहेत. नाव सांगितलंस की आत्ता माणूस धाडतो. तो येईल, पैसे भरेल, तुला घेऊन जाईल. माझं काही तुझ्याशी वैर नाही."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऱ्हायले.

"नाव काय त्याचं?"

ते नाव माझ्या तोंडात येऊन बसलेलं. जीभ उचलली की भायेर. आन् मला माझ्या पोराचा कान दिसला, एवढासा, त्यावरची लव दिसली. त्या कानात मी ते घातलं आन् तो गेला. आता हे दुसरं लेकरू. त्याच्यासाठीच आले, आन् त्याच्यावरच ते घालू? 

"ज्याच्या घरी चाललीस त्याचं नाव माहीत नाही?"

"म्हाईत हाय. मला घेता येत न्हाई."

"का? नवरा आहे का तुझा?"

"न्हाई."

"मग कोण लागतो?" बाजूला बजरंग म्हनून एक हमाल बिडी वढत बसलेला. तो आसा हसला, की माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"हसतोस कशाला रं मेल्या? नणंदेचा नवरा हाय! माझ्या सासऱ्याचं बी त्येच नाव हाय, म्हनून घेत न्हाई. तुझ्या घरात बायका सासऱ्याला नावानं हाका मारत्यात का?"

त्यो वरमला. म्हनला, "आगं मावशी, चिडतीस काय? मी नावं घेतो, तू मान हलव." माझ्यापेक्षा मोठा आसून मला मावशी म्हनतोय! "हौशीराम? न्हाई? मारुती? अंबाजी? कोंडाजी?" मी मान हलवून हलवून दमले. "मला एवढीच म्हाईत हायत बाबा. मी तळेगावचा, हितं नवीन हाय." कायकाय नावं खुनेनं सांगता येत्यात, देवाच्या न्हाईतर वस्तूच्या. ह्या नावाला मला खूनच सापडंना. नथूचा भाऊ म्हनून सांगितलं, तर नथूबी त्याला ठावं न्हाई.

तेवढ्यात घंटा झाली. घाटाखालनं गाडी येत व्हती. बाबूनं टोपी सारखी केली. "गाडी जाऊ दे, मग बघू," आसं म्हनून तो पळाला. मी बाकावर बसले. फाटकाच्या सळयांची सावली लांब व्हत व्हत माझ्या पायांवर आली. आत्याबाई आता माळवलीला पोचल्या आसतील. झाडाखाली मी न्हाई. काय म्हनत आसतील? आन् त्या हितं आल्या तरी काय उपेग? त्यांच्या तर मालकाचं नाव! आमी दोघी अख्खा दिस चालून, पदर झाडून, चोरी करून आसल्या घरी निघालेलो, की ज्याचा पत्ता दोघींनाबी तोंडातनं काढता येत न्हाई. निघताना एकीच्याबी ध्यानात आलं न्हाई. हसावं का रडावं? मी रडले.

गाडी आली. गर्दी उतरली, चढली, चहावाला वरडला. आन् त्या गोंधळात कुटंतरी एक लेकरू रडलं. भुकेचं रडनं आईला बरूबर कळतं. माझं दूध आलं. नुसतं आलं न्हाई, चोळीतनं निथळून पोटावर आलं, लुगड्यात उतरलं, बाकावर सांडलं. माझ्या पोरानं प्यायला पायजे व्हतं ते. आता त्या पोरीनं प्यायला पायजे व्हतं ते. आन् ते रेल्वेच्या बाकावर सांडतंय आन् मी तोंड शिवून बसलीया!

मी उठले. फाटकाची सळई धरली. 

"महिपती!"

बजरंगाच्या हातातली बिडी पडली.

"महिपती गँगवाल्याचं घर कुटं हाय? महिपती! आरं, कुनी सांगा की! महिपती!"

पहिल्यांदा घेतलं ते पाव्हन्यांचं व्हतं. दुसऱ्यांदा घेतलं तेबी. तिसऱ्यांदा जे तोंडातनं आलं ते माझ्या पोराचं व्हतं, मोठ्यानं, समद्या फलाटाला ऐकू जाईल आसं. ती हाक कुनाला पोचली, काय म्हाईत. माझं मलाच भान नव्हतं.

रुळापल्याड एक सांधेवाला झेंडी गुंडाळत व्हता. तितनंच वरडला, "कोन महिपती? ज्याची बायकू सकाळी जाळली त्यो? ती खालची चाळ, शेवटची खोली!"

बाबू धावत आला. त्यानंबी ऐकलेलं. माझ्या चोळीकडं त्याची नजर गेली तशी त्यानं मान फिरवली. "अगं, मग आधीच सांगायचं नाव!"

"आधी सांगायला तुमचं काय जातंय?" मी म्हनलं. "माझं काय जातंय ते मला ठावं."

"जा, जा तू. बजरंग, पोचव हिला." दंडाचं तो काय बोलला न्हाई. मीबी थांबले न्हाई.

चाळ म्हंजे काळ्या दगडाच्या खोल्या, एकाला एक चिकटलेल्या. शेवटच्या खोलीम्होरं पाव्हनं गुडघ्यात डोकं घालून बसलेले. मी कोन, कशी आले, काय इचारलं न्हाई. नुसतं दाराकडं बोट केलं. आत नंदाबाई म्हनून शेजारीन पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. तीच ती लेकुरवाळीची सासू, पाजू न देनारी. पर पोरीला टाकूनबी जाववेना तिला.

पोरगी मुठीएवढी. वठ सुकून काळे पडलेले. मी तिला छातीशी धरलं, बोंडी वठावर टेकवली. तिनं तोंडच उघडलं न्हाई. परत टेकवली. न्हाई. मी तिच्या गालाला बोट लावलं, पायाच्या तळव्याला टिचकी मारली. डोळा नुसता किलकिला झाला आन् मिटला. माझ्या मनात एकच, घेतलंस ना नाव? आता बघ. घेतलंस ना! नंदाबाईनं माझं कोपार धरलं. "पिळ," म्हनली, "थेंब थेंब सोड आत."

मी बोटानं तिची हनुवटी खाली वढली आन् थेंब सोडला. तो वठाच्या कडंनी वघळून गेला. दुसरा सोडला. तिसरा आत गेला. आमी दोघी बघत बसलो. गळ्याशी कायतरी हाललं. परत सोडला. परत हाललं. किती येळ आसं चाललं देव जाने. माझी पाठ मोडून आली. आन् मग तिनं मान वळवली, आपली आपन, आन् धरलं. जीव न्हाई त्या अंगात, पर धरलं ते आसं, की मी "आई गं!" म्हनून वरडले. पाव्हनं दचकून दारात आले. नंदाबाई म्हनली, "काय न्हाई, पितीया." ते तसेच खाली बसले आन् पटक्याच्या शेवात तोंड खुपसून लहान पोरासारखे रडले.

दिवेलागन झाली. नंदाबाईनं कंदील लावून ठेवला आन् घरी गेली. पोरगी पीत व्हती, झोपत व्हती, परत पीत व्हती. पाव्हनं भायेर अंधारात बसलेले. माझ्या मनात आता दुसरीच भीती. आत्याबाई कुटं हायत? माळवलीला बसून तर न्हाईत? आन् आल्या तर घर कसं सापडंल? पाव्हन्यांना धाडावं म्हनलं, तर ते हुडकनार कुटं? त्या रुळानं येतायत का सडकेनं, हे तरी कुनाला ठावं!

तवा ती हाक आली.

चाळीच्या पार त्या टोकाकडनं. बाईचा आवाज, म्हातारा, बसलेला, दिसभर पानी न प्यायलेला.

"म... महिपती!"

मी वळखलं न्हाई. खरं सांगते, लग्न होऊन आल्यापास्नं त्या आवाजात मी ते नाव कधी ऐकलंच नव्हतं, वळखू कशी? परत आली, जरा जवळनं, जरा मोठी.

"महिपती! कुटं हायसा?"

पाव्हनं उठले. अंधारात उभे ऱ्हाऊन त्यांनी 'ओ' दिली. लांब, सुरात, रानातनं देत्यात तशी. "ओ!"

 पाव्हनं कंदील घेऊन गेले आन् आत्याबाईंना हाताला धरून घेऊन आले. पाय सोलवटून निघालेले, पदर काट्यांनी फाटलेला. दारात उभ्या ऱ्हाऊन त्यांनी पहिलं काय इचारलं? लेकीचं न्हाई.

"प्याली?"

"प्याली," मी म्हनलं.

त्या मटकन उंबऱ्यात बसल्या. "माळवलीला तुला झाडाखाली हुडकलं, भवानी. वाटलं, कुटं पडली मरून! टेसनात इचारलं, रस्त्याला इचारलं. नदी वलांडून आनली आन् घालवून बसले आसं झालं मला."

"पाय उचलंना, आत्याबाई. म्हनून तशीच आले गाडीनं." मग माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. "आत्याबाई, मी मामंजींचं नाव घेतलं. टेसनात, समद्यांच्या म्होरं, बोंबलून घेतलं. आन् आधीबी एकदा घेतलंय. बाळाच्या कानात. म्हनूनच तो..." 

 मला वाटलं, आता उठतात आन् मुस्काटात देतात. त्या सरकत सरकत माझ्याजवळ आल्या, माझ्या कानावरनं सुटलेलं फडकं परत घट्ट बांधलं.

"यडे," म्हनल्या, "मी जलमभर घेतलं न्हाई. स्वप्नातबी न्हाई. म्हनून ऱ्हायले का ते?"

मी पोरीला छातीशी वढून घेतलं.

कंदिलाची वात फडफडली. आत्याबाईंनी हात लांब करून ती खाली केली. मग पोरीच्या टाळूवर बोटं ठेवली आन् माझ्याकडं न बघता हळूच बोलल्या, "एवढी वर्सं संसार केला, पर हाक कधी मारली न्हाई गं मी त्यांना. 'अहो, आयकलं का' एवढंच. आज मारली. दारादारातनं मारत आले. आन् बया, अंधारातनं 'ओ' आली."

आन् मग त्या रडल्या. सकाळपास्नं पहिल्यांदा. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं, भायेर जावई बसलेत याचीबी लाज न ठेवता. लेकीसाठी रडत व्हत्या का मामंजींसाठी, मी इचारलं न्हाई. मला माझंच कळत नव्हतं.

पोरगी जागी झाली. मी तिला दुसऱ्या अंगाला घेतलं.